युद्धकर्ज-प्रचार

युद्धखर्चासाठी काढलेल्या सरकारी रोख्यांत, बचत प्रमाणपत्रांत किंवा सुवर्णरोख्यांत सर्वसामान्यांनी पैसा गुंतवावा म्हणून केलेला संघटित प्रचार. युद्धनिधीपासून तो वेगळा धरावा लागतो. निधीला दिलेली रक्कम परत येत नाही. कर्ज मुदतीअखेर सव्याज परत करायचे असते. व्यवहारात ‘वॉर फंड’ आणि ‘वॉर लोन’ यांची सरमिसळ होई, आणि ती वसुली करणाऱ्यांच्या पथ्यावर पडे.

या प्रचाराचा उगम वादग्रस्त आहे. युद्धासाठी कर्ज काढणे जुनेच. ईस्ट इंडिया कंपनीने पहिल्या ब्रह्मी युद्धाच्या काळात, १८२५मध्ये, अवधचा राजा गाजीउद्दीन हैदर याच्याकडून ५ टक्के व्याजाने १ कोटी रुपये घेतले होते. पण अशी कर्जे दरबार आणि सावकार यांच्यापुरतीच असत. काही अभ्यासक अमेरिकन यादवी युद्धात जे कुक या पेढीवाल्याने सुमारे अडीच हजार विक्रेते नेमून आणि वृत्तपत्रांत जाहिराती देऊन रोखे विकले, तेथून प्रारंभ मानतात. इतर काहींच्या मते खरा आरंभ पहिल्या महायुद्धाचा. भित्तिपत्रके, लंडनमधील ‘टँक बँका’ (चौकात रणगाडा उभा करून केलेली रोखेविक्री) आणि अमेरिकेतील लिबर्टी कर्जे म्हणजे युद्धरोखे ही त्याची ठळक रूपे. छोटा गुंतवणूकदार हे लक्षण प्रमुख मानल्यास पहिले मत अधिक ग्राह्य ठरते. हिंदुस्थानपुरता विचार करता मात्र १९१७च्या मागे जाण्याचे कारण दिसत नाही.

त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने १५० कोटी रुपये, देण्याचे पत्करले. त्यासाठी काढलेल्या पहिल्या कर्जात १९२९–४७ मुदतीचे ५ टक्क्यांचे दीर्घकालीन कर्ज आणि साडेपाच टक्क्यांचे तीन व पाच वर्षांचे वॉर बाँड होते; जमा ५० कोटींच्या वर गेली. लहान माणसासाठी टपाल कचेरीची पाच वर्षांची कॅश सर्टिफिकिटे निघाली. ७ रुपये १२ आणे भरले की पाच वर्षांनी १० रुपये मिळत. चक्रवाढीने हे सव्वापाच टक्क्यांच्या आसपास पडते. प्रचारात टक्केवारी सांगितली जात नसे, ‘पावणेआठाचे दहा’ एवढेच पुरे. मध्येच मोडणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळत नसे आणि तक्रारींचे मूळ बहुधा येथेच असे.

हा प्रचार प्रत्यक्षात कसा चाले, ते नागपूर भागावरून दिसते. नागपूर ही तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. सर बेंजामिन रॉबर्टसन चीफ कमिशनर, म्हणजे प्रांताचे प्रमुख, होते. साक्षरता अत्यल्प असल्याने छापील पत्रकांचा उपयोग सीताबर्डी, महाल अशा वस्त्या आणि तालुक्याची ठिकाणे यांपुरताच. खेड्यात प्रचार चाले तो महसुली साखळीतून: डेप्युटी कमिशनर, तहसीलदार, मालगुजार (सारा गोळा करणारा गावचा जमीनदार) आणि शेवटी कोतवालाची दवंडी. वऱ्हाडात मालगुजारी नसल्याने मालगुजाराची जागा पाटील घेई. या साखळीचा दोष उघड आहे. सारा वसूल करणारा माणूसच कर्जाचे आवाहन करू लागला की ऐकणाऱ्याला आवाहन आणि हुकूम वेगळे कळत नाहीत. सक्ती करू नये, असे सरकारी धोरण होते. पण जिल्ह्याचा आकडा वर कळवायचा असल्याने खालच्या अंमलदाराला ते पाळणे जड जाई. रावबहादूर, रायबहादूर या किताबांची आशा धनिकांसाठी निराळ्या पत्रकाचे काम करी.

वेळही महत्त्वाची. पहिले कर्ज मार्चमध्ये खुले झाले, तेव्हा कापसाचा पैसा वऱ्हाडातल्या हातांत होता. दुसरे कर्ज १९१८चे. त्या वर्षी पाऊस ओढला आणि पाठोपाठ इन्फ्लुएन्झाची साथ आली. मृत्युप्रमाण सर्वाधिक असलेल्या प्रांतांत मध्यप्रांत होता.

दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रणा पुन्हा जुळवली गेली. प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९मध्ये राजीनामा दिल्याने कारभार गव्हर्नरकडे होता. जून १९४०मध्ये दहा वर्षांची डिफेन्स सेव्हिंग्ज सर्टिफिकिटे आली: १० रुपयांचे १३ रुपये ९ आणे. ज्याला एकदम दहा रुपये जमत नसत त्याने चार आणे, आठ आणे वा रुपयाची तिकिटे कार्डावर चिकटवायची; चार आण्यांची चाळीस तिकिटे झाली की कार्ड देऊन सर्टिफिकीट घ्यायचे. गिरणी कामगारांसाठी ही रीत सोयीची होती. अडचण अशी की त्याच महिन्यात फ्रान्स पडला. लोक टपाल कचेऱ्यांतून ठेवी काढू लागले, चांदीचे रुपये दडवू लागले आणि सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. १९४३पासून बारा वर्षांची नॅशनल सेव्हिंग्ज सर्टिफिकिटे, दहाचे पंधरा, विकली गेली. तेव्हा प्रचाराचा भर पैसा उभारण्याइतकाच महागाई आवरण्यावर होता. पण १९४५पर्यंत घाऊक भाव युद्धपूर्व पातळीच्या जवळजवळ अडीचपट झाले. १९४०मध्ये दहा रुपये गुंतवणाऱ्याचे नुकसान कोणत्याही व्याजाने भरून निघणारे नव्हते. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८चे असल्याने स्थानिक नभोवाणीचे साधन प्रचारकांना नव्हतेच.

प्रतिप्रचारही याच भागातला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांची वा पैशांची मदत करणे चूक आहे, हा त्याच्या घोषणेचा आशय. चार दिवसांत त्यांना अटक झाली. घोषणेत पैशाचा उल्लेख माणसांच्या बरोबरीने येतो, ही बाब सहसा नजरेआड होते.

स्वातंत्र्योत्तर काळात चीन युद्धाच्या वेळी, नोव्हेंबर १९६२मध्ये, साडेसहा टक्क्यांचे सुवर्णरोखे, म्हणजे सोने देऊन घ्यायचे रोखे, निघाले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्याने ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ ही घोषणा महाराष्ट्राला आयतीच मिळाली. रोख्यांसाठी सोन्याचा भाव आंतरराष्ट्रीय दराने १० ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे, जुन्या मापाने तोळ्याला साडेबासष्ट रुपये, धरला होता. बाजारात भाव सुमारे दुप्पट असल्याने नागपूरच्या इतवारीतील सराफ्यात दर ठाऊक असलेल्याला रोख्यांत आकर्षण ते काय? सोन्याचा स्रोत विचारला जाणार नाही, ही सवलत काहींना मोलाची वाटली, एवढेच. १९६५च्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत भावाची ही चूक टाळली गेली: १० ग्रॅममागे वर्षाला दोन रुपये व्याज आणि पंधरा वर्षांनी पैशाऐवजी सोनेच परत.