सर्व्हर फर्मवेअर : सिरीअल पोर्ट आणि सुरक्षेची मांडणी

सर्व्हरला वीज मिळाली की ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी जे जागे होते ते फर्मवेअर. जुन्या यंत्रांत बायॉस, आताच्या यंत्रांत यूईएफआय. मॉनिटर नसलेल्या सर्व्हरशी तेव्हाही बोलता यावे म्हणून कन्सोल (संदेश दिसण्याची व हुकूम टाइप करण्याची जागा) सिरीअल पोर्टकडे, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या साध्या जोडणीकडे, वळवतात. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरचे रॅक असोत की सियागंजातल्या एखाद्या पेढीचा एकुलता टॉवर सर्व्हर, क्रम एकच : आधी सिरीअलचा रस्ता चालतो याची खात्री, मग कुलूप, म्हणजे पासवर्ड आणि बाकीची सुरक्षा. उलट केले तर आपणच बाहेर राहतो.

सेटअपमध्ये शिरायची कळ बहुधा एफ२ किंवा डिलीट. कॉम१ म्हणजे पहिला सिरीअल पोर्ट; त्याचा पत्ता ३एफ८, आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताचा क्रमांक) ४. कॉम२ चा २एफ८, आयआरक्यू ३. कन्सोल रीडायरेक्शन (कन्सोल वळवण्याची सोय) चालू करून वेग सेकंदाला ११५२०० बिट, ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट ठेवतात. लॅपटॉपवरच्या टर्मिनलमध्येही हेच आकडे हवेत. अगम्य अक्षरे उमटली तर वेग जुळलेला नाही. काहीच उमटले नाही तर पोर्ट चुकला किंवा केबल सरळ आहे. नल मोडेम केबलीत २ व ३ क्रमांकाच्या तारा अदलाबदल केलेल्या असतात, ५ ही ग्राउंड. या तीनच तारा असताना हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून ‘थांब’, ‘पाठव’ सांगण्याची सोय) चालू राहिला तर कन्सोल गोठतो. टर्मिनलमधून एफ१० ही कळ सर्व्हरपर्यंत पोहोचत नसेल तर एस्केप दाबून ० दाबावा. लिनक्सला बूट ओळीत (सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचनांत) पोर्ट व वेग वेगळा सांगावा लागतो. तिथे कॉम१ म्हणजे टीटीवायएस०, कॉम२ म्हणजे टीटीवायएस१. नेटवर्कवरून येणारा सिरीअल कन्सोल पुष्कळदा कॉम२ वर असतो आणि घोटाळा तिथेच होतो.

कुलुपांत पहिला ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. तो सेटअप बंद करतो, बूट अडवत नाही. पॉवर-ऑन पासवर्ड मात्र विचारपूर्वक लावावा : पावसाळ्यात रात्री वीज जाऊन आली की सर्व्हर कोणी पासवर्ड टाकीपर्यंत तसाच थांबतो. यूएसबीवरून बूट बंद, सिक्युअर बूट (सही तपासूनच प्रणाली सुरू करण्याची सोय) चालू. हा बदल करण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवी, नाहीतर विंडोज ती मागून अडून बसते.

बोर्डावरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल काढला की पासवर्ड जातो, ही समजूत जुनी. अनेक सर्व्हरमध्ये पासवर्ड कायमस्वरूपी मेमरीत असतो आणि जंपरनेच (बोर्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीनेच) पुसला जातो. म्हणून कॅबिनेटलाही कुलूप लागते. बीएमसीचा (सर्व्हर दुरून सांभाळणाऱ्या बोर्डावरच्या चिपचा) कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि तिचे यूडीपी ६२३ हे नेटवर्क पोर्ट इंटरनेटला उघडे ठेवू नये.

सिरीअल केबलीला स्वतःचे एन्क्रिप्शन नसते. तीन तारांच्या जोडणीत केबल उपटली तरी सर्व्हरला ते कळत नाही. लॉगआउट न करता उठले तर रूटचे (सर्वाधिकार असलेल्या खात्याचे) सत्र तसेच उघडे राहते, पुढचा लॅपटॉप जोडणाऱ्यासाठी.