न्यूयॉर्कचे गे बार आणि ड्रॅग

न्यूयॉर्कमधील समलिंगी लोकांच्या जुन्या बारांची आणि तिथे रंगणाऱ्या ड्रॅगच्या, म्हणजे बहुधा पुरुषांनी स्त्रीवेशात केलेल्या, खेळांची ही गोष्ट. यांतले सर्वांत नावाजलेली ठिकाणे मॅनहॅटनच्या ग्रीनिच व्हिलेज भागात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

या बारांची घडण दारूच्या परवान्याने केली. १९३३ साली दारूबंदी उठली आणि परवाने देण्यासाठी राज्याचे मद्य प्राधिकरण आले. 'बेशिस्त' जागेचा परवाना जाई, आणि समलिंगी गिऱ्हाईक बसले म्हणजेच जागा बेशिस्त, असा अर्थ लावला जाई. २१ एप्रिल १९६६ रोजी समलिंगींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मॅटाशीन सोसायटीचे डिक लीच आणि त्यांचे साथीदार या प्रथेची परीक्षा घ्यायला एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये फिरले. 'आम्ही समलिंगी आहोत, शिस्तीत बसू, आम्हाला प्यायला द्या' एवढीच मागणी. दोन ठिकाणी निमूटपणे दारू मिळाली, म्हणजे पंचाईतच! अखेर वेस्ट १० व्या रस्त्यावरच्या 'ज्यूलियस'मध्ये बारवाल्याने भरत्या ग्लासावर पालथा पंजा ठेवला. तो क्षण फ्रेड मॅकडॅरा यांच्या छायाचित्रात टिपला गेला.

सरळमार्गी मालक कचरत, म्हणून हा धंदा माफियांच्या हाती गेला. ख्रिस्तोफर स्ट्रीटवरचे 'स्टोनवॉल इन' त्यांनी १९६७ मध्ये गे बार म्हणून चालू केले. परवाना नव्हताच, सभासदांचा खासगी क्लब असल्याची बतावणी होती. दारातल्या वहीत गिऱ्हाइके खोटी नावे लिहीत. दारू पाणी घातलेली, बारमागे नळ नाही, उष्टे ग्लास टबात बुचकळून पुन्हा पुढे. तरी लोक येत, कारण इथे दोन पुरुषांना एकत्र नाचता येई. नाचाच्या खोलीत पांढरे दिवे लागले की पोलीस आले, हे ओळखून जोड्या सुट्या होत. २८ जून १९६९ च्या पहाटे मात्र धाडीनंतर गर्दी पांगली नाही आणि दंगल पेटली. पहिला दगड कुणी टाकला यावर आजही वाद घालतात. तो बहुधा सुटायचा नाही.

ड्रॅगची परंपरा याहून जुनी आहे. हार्लेममधल्या हॅमिल्टन लॉजच्या नृत्यसोहळ्यांना १९२०च्या दशकात हजारोंची गर्दी होई. आपल्याकडच्या स्त्रीपार्टी नटाने प्रेक्षकाला पुरुष विसरायला लावावे ही अपेक्षा असे. ड्रॅगमध्ये प्रेक्षक आतला पुरुष विसरला तर निम्मी गंमत गेली. फिरत्या 'ज्युअल बॉक्स रिव्ह्यू'त स्त्रीवेशातल्या पुरुषांच्या ताफ्याचे सूत्रसंचालन स्टॉर्मे डेलार्व्हरी ही स्त्री पुरुषी सुटात करी. १९८०च्या दशकात ॲव्हेन्यू ए वरच्या 'पिरॅमिड क्लब'मधल्या मंडळींनी शेजारच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेत 'विगस्टॉक' हा केसांच्या टोपांचा जलसा सुरू केला; त्यात लेडी बनी ही ड्रॅग कलाकार पुढे होती. बारमधला रिवाज मात्र तमाशाच्या रसिकाला परका वाटणार नाही: ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवणे चालू असताना लोक डॉलरच्या नोटा पुढे करतात, क्वीन, म्हणजे ड्रॅगचा कलाकार, त्या खुडत फिरते. दौलतजादाच म्हणा.

दंगलीनंतर काही महिन्यांतच स्टोनवॉल बंद पडले. त्या जागेत पुढे बेगल या कड्यासारख्या पावाचे दुकानही होते. सध्याचा बार मूळ जागेच्या अर्ध्या भागात आहे. २०१६ मध्ये परिसर राष्ट्रीय स्मारक झाला. ज्यूलियसला शहराने २०२२ मध्ये वारसा दर्जा दिला. तिथे दारूबरोबर बर्गरही मिळतो.