फिटच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून : सोलापुरात काय काय लागतं

फिटच्या गोळ्या मोफत मिळण्यासाठी कुठला फॉर्म भरायचा, असं बरेच जण विचारतात. फॉर्म नसतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. सरकारी डॉक्टरांनी तपासून केस पेपरवर गोळी लिहिली, की तीच तुमची पात्रता.

गावाकडच्यांनी आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पंढरपूरसारखं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सोलापूरचं सिव्हिल मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तिथला नियम वेगळा. म्हणून रेशनकार्ड पिशवीत असू द्या. सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णासाठी आहे, महिन्याच्या गोळ्या तिच्यात धरू नका.

सोबत आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) आणि एमआरआयचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड घ्या. कुणी फिटचा मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर तोही दाखवा. फिट येताना डॉक्टर समोर नसतात, त्यामुळे तो कधी कधी रिपोर्टापेक्षा जास्त सांगतो. आणि चालू गोळीची पट्टी. आमच्या घरी गोळ्या नेमक्या नावाच्या बाजूने कापल्या जायच्या, शेवटी हातात नुसता चकचकीत तुकडा. नाव आणि मुदतीची तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा.

पट्टी का, तर बाहेरच्या डॉक्टरांनी ‘एप्टॉइन’ लिहिलेलं असतं आणि सरकारी खिडकीवर मिळतं ‘फेनिटॉइन’. औषध एकच. तसंच व्हाल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटाम, क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतली नावं. पण मिलिग्रॅम जुळवून बघा, आणि कंपनी बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घाला. पट्टीवर ‘सीआर’ असेल तर ती गोळी हळूहळू विरघळणारी असते, कुटून देऊ नका.

खिडकीवर ‘शिल्लक नाही’ म्हणाले तर घरी परतू नका. तीच चिठ्ठी जनऔषधी केंद्रात दाखवा, तिथे ब्रँडपेक्षा बरंच स्वस्त पडतं. चिठ्ठीशिवाय मात्र कुणीही देणार नाही, देऊही नये.

व्हाल्प्रोएट चालू असलेल्या मुलीचं लग्न ठरलं किंवा मूल हवं असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. या औषधाने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. पण भीतीने परस्पर गोळी थांबवणंही घातक. एकदम बंद केल्याने न थांबणारी फिट येऊ शकते. कारखान्यात रात्रपाळी असेल तर तेही सांगा, जागरणाने फिट येऊ शकते.

पुढची तारीख गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीची मागून घ्या. दिवाळी आणि संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या सुट्ट्यांत ओपीडी बंद सापडते, आणि डबी नेमकी तेव्हाच रिकामी होते.