संगणक सुरू होत नाही, पण फायली जागेवरच आहेत

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर ठेवणाऱ्याला कधीतरी तो काळा पडदा दिसतो: 'ग्रब रेस्क्यू' हे दोन शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. ग्रब म्हणजे बूटलोडर, संगणक सुरू होताना लिनक्स किंवा विंडोज चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. मनात येतं, सगळं गेलं. बहुतेक वेळा फायलींपैकी काहीच गेलेलं नसतं.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातले ४४६ बाइट बूटलोडरसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या वेगवेगळ्या भागांच्या, तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. ४४६ बाइटांत अख्खा ग्रब मावणं शक्यच नाही. तिथे त्याचा पहिला तुकडा बसतो, बराचसा भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये राहतो. विंडोजमधून कुणी ते पार्टिशन पुसलं किंवा पार्टिशनांचे क्रमांक बदलले, की पुढचा भाग सापडत नाही आणि ग्रब तिथेच अडतो. फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या पार्टिशनवर असतील, तर त्यांना धक्काही लागलेला नसतो.

यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करण्याची नवी पद्धत, असलेल्या संगणकांत बूटलोडर एका छोट्या फॅट-३२ (फायली साठवण्याची एक पद्धत) पार्टिशनमध्ये असतात, प्रत्येक सिस्टिमचा आपापल्या फोल्डरमध्ये. त्यांची यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. कधी कधी बिघाड एवढाच, की यादीतली एक नोंद उडालेली असते किंवा क्रम बदललेला असतो. त्यामुळे आधी बूट मेन्यू (कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्याची यादी) उघडून तिथून दुसरी सिस्टिम सुरू होते का ते पाहावं.

तेही जमलं नाही, तर फायली आधी आणि दुरुस्ती नंतर, हा क्रम मी कधीच मोडू देणार नाही. घाईघाईने सिस्टिम पुन्हा इन्स्टॉल करताना चुकीचं पार्टिशन निवडलं गेलं, की जे शाबूत होतं तेच पुसलं जातं.

दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट लिनक्स चालवणारा, बनवा आणि त्यावरून संगणक सुरू करा. इन्स्टॉल करू नका, नुसतं वापरून पाहण्याचा पर्याय घ्या. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन इथे अनेकदा फक्त वाचण्यापुरतं उघडतं. कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपेत जातं. फायली नकलण्यासाठी वाचता आलं तरी पुरे, म्हणून लिहिण्याची परवानगी जबरदस्तीने मिळवू नका. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये परवानगी नाकारली, तर फायली खराब झाल्या असं समजू नका. त्यांचा मालक वेगळा आहे एवढंच, सुडो ही प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा वापरून त्या नकलता येतात.

नक्कल वेगळ्या डिस्कवरच घ्या. ती डिस्क फॅट-३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर बसणार नाही.

हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर प्रकरण वेगळं. एकेक फाइल उघडत बसलात तर तेवढ्यात ती कायमची बंद पडू शकते. अशा वेळी डीडी-रेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरून आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यावी. तो सहज वाचता येणारे भाग आधी उचलतो, अडलेले मागे ठेवतो आणि कुठवर आला याची नोंद ठेवतो, त्यामुळे मध्येच थांबवूनही पुढे चालू करता येतो. बाकी सगळी शोधाशोध त्या प्रतिमेवर करायची.

पार्टिशनचा तक्ताच खराब झाला असेल, तर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम हरवलेली पार्टिशनं शोधून देतो. जीपीटी या नव्या तक्त्याच्या पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, ती इथे कामी येते. फाइल सिस्टिमही, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवहीही, गेली असेल तर उरतो फोटोरेक हा प्रोग्रॅम. तो फायलींच्या नोंदींकडे न पाहता थेट बाइट तपासतो. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटांनीच होते, तशाच खुणा इतर प्रकारांच्याही असतात. मात्र फायलींची मूळ नावं आणि फोल्डर बहुधा परत मिळत नाहीत. एसएसडीवर पुसलेल्या फायलींची आशा त्याहून कमी, कारण ट्रिम सुविधेमुळे ती जागा लवकरच खरोखर रिकामी होते.

नकललेल्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. त्या नीट उघडल्या, की मग त्याच लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवायला घ्या.