सुट्टीनंतरचा कुजक्या अंड्यांचा वास

आठवडी सुट्टीनंतर सीएनसीचा, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्राचा, कूलंट पंप सुरू केला की कुजक्या अंड्यांचा भपकारा येतो. कूलंट म्हणजे कापताना धातूवर सोडायचं, त्याला गार ठेवणारं दुधाळ मिश्रण. भोसरीत सुट्टी गुरुवारची, म्हणून तिथे हा वास शुक्रवारचा. रविवारी बंद असणाऱ्यांकडे सोमवारचा. निदान ठरलेलं असतं: 'माल डुप्लिकेट निघाला.' मग कुणी टाकीत फिनाइल ओततो, कुणी ब्लीचिंग पावडर. ब्लीचिंगमधल्या क्लोरीनने गंज वाढतो, फिनाइल ऑपरेटरच्या कातडीला झोंबतं. वास परत येतोच.

कूलंट बनतं ते पाण्यात सोल्युबल ऑइल मिसळून. पण हे ऑइल नावापुरतंच सोल्युबल, ते विरघळत नाही. साबणासारख्या इमल्सिफायरच्या वेष्टनात तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगतात, म्हणून ते दुधाळ दिसतं. पाणी उष्णता ओढून नेतं, तेल घर्षण कमी करतं आणि अल्कली घटक सामू, म्हणजे पीएच, 9 च्या आसपास धरून ठेवतात, त्यामुळे गंज अडतो. तेल, पाणी, ऊब: जिवाणूंची मात्र मेजवानी.

पंप चालू असेपर्यंत कूलंटमध्ये हवा मिसळत राहते. पंप थांबला की स्लाइडवेचं (यंत्राचे भाग ज्यांवरून सरकतात त्या पट्ट्यांचं) आणि हायड्रॉलिकचं गळलेलं तेल, म्हणजे ट्रॅम्प ऑइल, वर येऊन झाकणासारखं पसरतं. खालचा ऑक्सिजन हवेवर जगणारे जिवाणू संपवतात. मग पाळी येते डीसल्फोव्हिब्रिओसारख्या जिवाणूंची. आपण ऑक्सिजनने जे काम करतो ते हे सल्फेटने करतात, आणि बोअरच्या पाण्यात सल्फेट बऱ्याचदा असतंच. त्यातून बनतं सल्फाइड.

गंमत पुढे आहे. सामू 9 असताना या सल्फाइडपैकी जेमतेम एक टक्का हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपात असतं, बाकीचं आयन होऊन पाण्यातच राहतं. आयनला वास नसतो. सामू 8 वर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जातं, 7 वर जवळपास निम्मं. आणि सामू खाली आणतात ती जिवाणूंनीच तयार केलेली आम्लं. म्हणजे भपकारा आला तेव्हा कूलंट बऱ्याच आधीपासून बिघडत होतं. वास हे शेवटचं लक्षण, वरचा तेलाचा थर पहिलं.

म्हणून बेल्ट स्किमर, म्हणजे वरचं तेल पट्ट्याने ओढून काढणारं साधन, चालवायचा तो सकाळी, पंप सुरू करण्याआधी. पंप चालू झाला की तेच तेल घुसळून पुन्हा इमल्शनमध्ये जातं. सुट्टीत टाकीत मत्स्यालयाचा छोटा एअर पंप सोडून ठेवला तरी फरक पडतो.

पाण्यातलं ऑइलचं प्रमाण डोळ्यांनी ठरवू नये. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वळतो त्यावरून प्रमाण दाखवणारा मापक, आधी साध्या पाण्यावर शून्य करावा, मग नोझलमधून येणाऱ्या कूलंटचे दोन थेंब काचेवर घ्यावेत. टाकीच्या पृष्ठभागावरून घेतले तर मापकातली वाचनाची रेघ धूसर दिसते. वाचन 5 आणि पुरवठादाराने दिलेला गुणक 1.5 असेल तर प्रमाण 7.5 टक्के. 200 लिटरच्या टाकीत 160 लिटर उरलं असेल तर त्यात ऑइल 12 लिटर. 40 लिटर पाणी घातलं की 6 टक्के. तरीही नुसतं पाणी नको, एक-दोन टक्क्यांचं पातळ मिश्रण घालावं, कारण धातूच्या बुराद्याबरोबर ऑइल आणि गंजरोधकही निघून जातात. मिश्रण करताना आधी पाणी, मग ढवळत ढवळत ऑइल. उलट केलं तर लोण्यासारखे गोळे होतात.

सडलेलं कूलंट नुसतं उपसून भागत नाही. आधी एक-दोन टक्के सिस्टिम क्लीनर घालून 8 ते 24 तास फिरवावं, मग तळाचा बुरादा आणि चिकट गाळ खरवडून काढावा, पाण्याने धुवावं आणि लगेच नवीन भरावं. जुनं 20 लिटर तळाशी राहिलं तर ते विरजणच. खंडेनवमीला यंत्राला हार पडतो, वर लिंबू-मिरचीही लटकते. टाकीचं झाकण मात्र कुणी उचलत नाही. 'आयुष्यभर बदलावं न लागणारं' कूलंट विकणाऱ्यांच्या ग्राहकांचंही तेच. उपसलेलं कूलंट घातक कचरा आहे, गटारात सोडायचं नाही.

नायट्राइल हातमोजे मिश्रण करताना आणि सफाईला घालावेत. फिरत्या स्पिंडलजवळ, म्हणजे यंत्राच्या गरगर फिरणाऱ्या दांड्याजवळ, कधीच नाही. एअर गनने अंगावरचं कूलंट उडवू नये, ते धुकं थेट फुप्फुसात जातं.

जमिनीखालच्या मोठ्या सेंट्रल टाकीत गॅस डिटेक्टर आणि वर एक पहारेकरी असल्याशिवाय उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असं नसतं.