अंडाशयाची स्लाईड: ‘विभाजन कुठे दिसतंय?’

आमच्याकडून अंडाशयाच्या छेदाची स्लाईड नेलेल्या शिक्षकांचा फोन ठरलेला असतो: “पेशी छान दिसतात, पण विभाजन चाललेली एकही सापडत नाही. स्लाईड बिघडलेली तर नाही ना?” नाही. अंडपेशीचं विभाजन बहुतेक काळ थांबलेलंच असतं आणि तुम्हाला दिसतोय तो हाच थांबा.

आधी १० पटीच्या भिंगाखाली छेदाच्या कडेकडेने सरका. बारीक ठिपक्यांची गर्दी लागेल. त्यातल्या एकावर ४० पटीचं भिंग आणा: मोठं, फिकट केंद्रक असलेली गोल पेशी आणि भोवती चपट्या पेशींचा एकच थर. ही प्राथमिक अंडपेशी. स्लाईड सशाची आहे. पुढचे आकडे मात्र स्त्रीचे.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातल्या मूळ पेशी सूत्री विभाजनाने भराभर वाढतात. २०व्या आठवड्याच्या सुमारास सगळ्या मिळून ६०-७० लाख भरतात. जन्माआधीच त्या अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं) सुरू करतात आणि पहिल्याच टप्प्यात थबकतात. जन्मावेळी उरतात १० ते २० लाख, वयात येताना ३-४ लाख. बाकीच्या विरून जातात. अंडाशयातून बाहेर पडतात त्या आयुष्यभरात जेमतेम ४००-५००.

थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं ते एलएच या संप्रेरकाची पातळी एकदम चढली की. कुणाचं १३ वर्षांनी, कुणाचं ४५ वर्षांनी. एवढ्या काळात गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी बंधनं सैल होतात, वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. २१व्या गुणसूत्राच्या तीन प्रती झाल्या की डाउन सिंड्रोम होतो, तो बहुतेकदा याच चुकीमुळे.

या पहिल्या विभाजनातून दोन पेशी होतात. वाटणी गुणसूत्रांची समान, प्रत्येकीला २३. पेशीद्रवाची मात्र साफ पक्षपाती: जवळजवळ सगळा एकीला, दुसरी नावापुरती. तिला पोलर बॉडी म्हणतात. फळ्यावर दोन्ही वर्तुळं सारखी काढली जातात, ते आम्हाला खटकतं. पुढच्या गर्भाची शिदोरी एकाच पेशीत राहावी म्हणून तर हा सारा खटाटोप.

लगेच दुसरं विभाजन सुरू होतं आणि तेही अर्ध्यावर थांबतं. शुक्राणू आत शिरला तरच ते पुरं होतं, नाहीतर अंडपेशी तशीच संपते.

आमच्या संचातल्या अंडपेशीच्या मॉडेलबरोबर एक वाटाण्याएवढी सुटी गोळी येते. तीच पोलर बॉडी. खोक्याबरोबर टाकून देऊ नका. बरेच जण टाकतात.