पूसँच्या चित्रातलं थडगं आणि खजिन्याची थाप
‘आर्केडियाचे मेंढपाळ’ या चित्रातलं थडगं फ्रेंच चित्रकार निकोला पूसँनं दक्षिण फ्रान्समध्ये रेन-ल-शातो गावाजवळ पाहून रंगवलं, त्यात खजिन्याचा पत्ता दडलाय, ही लोणकढी थाप अजून फिरते. चित्र साधारण १६३८चं. तिथलं थडगं बांधलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे आजोबांच्या लग्नाला नातू हजर! १९८८मध्ये मालकानं ते पाडूनही टाकलं. पूसँ १६२४पासून बहुतेक काळ रोममध्येच होता. शिवाय हाच विषय त्यानं दहाएक वर्षं आधीही रंगवला होता. त्या आधीच्या चित्रात थडग्याचा आकारच निराळा, वर कवटी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या या १६३८च्या चित्रात खरं बघावं ते वेगळंच: गुडघा टेकलेला दाढीवाला मेंढपाळ लॅटिन अक्षरांवरून बोट फिरवतोय आणि त्याच्या हाताची सावली दगडावर कोयत्यासारखी पडलीय.